पत्ता मागत राहणारं कार्ड

"काका, कार्ड खराब आहे. काढून पाठवा," यूपीएस कंपनीची मॅडम फोनवर म्हणाली.

"कार्ड खराब नाही. मी काढत नाही," मी म्हटलं अन् फोन ठेवला.

नेरमध्ये सुनीताचं मेडिकल आहे. तिथला यूपीएस मी बसवलेला. त्यावर इन्सुलिनचा फ्रीज अन् इंटरनेटचा राउटर चालते. मागच्या आठवड्यात रात्री लाइन गेली, बॅटरी उतरली, माल गरम झाला. सुनीताले पत्ताच नाही.

"काका, अजून एकदा असं झालं तं पेशंट अमरावतीले जातीन. दुकान बंद करा लागते मले."

मी चौथी शिकलो, पण यूपीएस मले कोणी शिकवायचा नाही. त्याच्या पोटात एक कार्ड असते. लाइन गेली की ते मोबाइलवर मेसेज धाडते. त्यासाठी त्याले नेटवर्कवर पत्ता लागते. तो राउटरकडून आपोआप मिळते, त्याले डीएचसीपी म्हणतात. पत्ता मुदतीचा असते. मुदत संपली की कार्ड पुन्हा मागते. त्या रात्री मेसेज आला नाही, कारण कार्डापाशी पत्ताच नव्हता.

मी दुकानात यूपीएसपाशी बसलो होतो, तेवढ्यात ढग गडगडले. सुनीताची सासू गल्ल्यावरून उठली अन् राउटरची पिन उपटली.

"हे काय केलं, बाई?"

"गडगडते ना! टीव्ही जळला तवा तू भरून देल्ता काय?"

"मामी, त्या दिवशीही काढली होती?" सुनीतानं सासूले विचारलं.

"काढलती. घरी जाताना लावून देल्ली."

मी पुन्हा फोन लावला. "मॅडम, राउटर बंद असताना मुदत संपली तं कार्ड किती वेळ पत्ता मागते?"

"चार वेळा. मग सोडून देतं. पण मागतच राहा, अशी सेटिंग आहे."

"मंग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही पिन काढता हे आधी सांगायचं ना, काका!"

ती सांगत गेली, सुनीतानं लॅपटॉप वायरनं कार्डाले जोडून सेटिंग बदलली. कार्ड मागत राहते का ते पाहाले पिन काढलेलीच ठेवून मी ते रीस्टार्ट केलं. गडगडाट थांबल्यावर पिन लावली अन् मेन स्विच पाडला. सुनीताचा मोबाइल वाजला.

"आता गडगडलं तं काढू का नको?" सासू म्हणाली.

"काढा."

"काका!" सुनीता ओरडली.

"मी हाय ना इथं बसेल," सासू म्हणाली. "लाइन गेली तं मले दिसत नाही काय?"

पुढच्या वादळात सासूनं पिन काढली, घरी जाताना लावली; रात्री लाइन गेली. मेसेज आला. सुनीतानं येऊन जनरेटर लावला. इन्सुलिन थंड राह्यलं.

मशीन बसवल्यावर मी आता मालकाले कमी विचारतो. दिवसभर दुकानात कोण बसते, त्याले विचारतो.