लॅपटॉपातला डास

सगळ्यात आधी करुणाचं नाव. करुणा म्हणजे माझी धाकटी बहीण. त्या संध्याकाळी तिनं तोंड उघडलं नसतं, तर मी आजही गावी जाताना लाखनीच्या स्टँडवर तोंडाला रुमाल बांधून उतरलो असतो. (आता नुसती टोपी पुढं ओढतो.)

मी आयटीत आहे. म्हणजे पुण्यात एका आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, चहाच्या काउंटरवर. गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा फुटला, त्याच साली माझा जन्म. त्यामुळे घरात कपबशी फुटली तरी पहिला संशय माझ्यावर! नववीत मी आणि गणित एकमेकांना कंटाळलो आणि मी गाव सोडलं. करुणा मात्र बारावी पास झाली आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरला लागली. आमच्या घरातली पहिली कॉलेजवाली! सोमवारपासून वर्ग सुरू होणार होते, आणि लॅपटॉप पाहिजेच होता. बाबांचा फोन आला.

"दिनू, लॅपटॉप तूच पाह्य."

"मले काय समजते बाबा त्यातलं?"

"सहा वर्सं कंपूटरवाल्यायले चहा पाजून राह्यला नं तू? मंग! काहीतरी उतरलंच असन आंगात."

मी अभ्यासाला लागलो. अभ्यास म्हणजे काउंटरवरून दिसतो तेवढा. ॲपलवाले, म्हणजे ज्यांच्या झाकणावर चावलेलं सफरचंद असतं ते, बिनसाखरेची काळी कॉफी घेतात आणि ती आवडल्यासारखं तोंड करतात. विंडोजवाले साधी माणसं, साखर जास्त, सोबत खारी. लिनक्सवाल्यांच्या झाकणावर पेंग्विन चिकटवलेला असतो. त्यांना दुसऱ्यानं केलेला चहाच चालत नाही! काउंटरच्या आत येऊन स्वतः आलं किसतात. एकानं तर माझ्या गाळणीत सुधारणा सुचवली होती. मी तिन्ही टेबलांवर विचारून पाहिलं. प्रत्येक टेबलानं बाकीची दोन टेबलं वेड्यांची ठरवली. एवढी चुरस मी फक्त सरपंचाच्या निवडणुकीत पाहिली आहे. शेवटी माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की राहिली, ती म्हणजे खारी संपली होती.

सुट्टी काढून मी गावी आलो आणि शनिवारी मी, बाबा आणि करुणा भंडाऱ्याच्या दुकानात गेलो. सफरचंदाची किंमत ऐकून बाबांनी काढून ठेवलेल्या चपला परत पायात घातल्या. विंडोजवाल्याची ऐकून दारापर्यंत गेले. दुकानदार घाईघाईनं म्हणाला, "काका, बसा नं! हा घ्या, सगळ्यात स्वस्त. याच्यात विंडोज नाही, नुसता डॉस आहे."

डॉस! हा शब्द तिन्ही टेबलांवर कोणी काढला नव्हता. करुणा माझी बाही ओढायला लागली.

"दादा, डॉस म्हणजे..."

"तू थांब करू. मी आयटीत आहो."

दुकानदार एकदम अदबीनं उभा राहिला. "भाऊ आयटीत आहेत का? मग मी काय सांगणार!" आणि खरंच, त्यानं पुढं काहीच सांगितलं नाही.

बसमध्ये बाबा कानाशी आले. "डास का म्हने तो?"

"डॉस, बाबा. त्याच्यानं स्वस्त पडते."

"डास असल्यावर स्वस्त पडनच!"

मी हसलो. तिथंच चुकलो. कारण ते विनोद करत नव्हते.

घरी पोचेस्तोवर अर्धी वस्ती ओसरीत जमली होती. आईनं लॅपटॉप बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला, मेणबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडले. मग मी बटन दाबलं. पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात चार पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. बस!

आम्ही वाट पाहिली. शेजारचे गुलाबकाका मांडी घालून पुढंच बसले होते. "सुरू होईन," ते म्हणाले. "आधी काळंच रायते."

काहीच होईना. मी घाम पुसत सापडतील ती बटनं दाबली आणि शेवटी एक मोठं बटन हाणलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हनते?" बाबांनी विचारलं.

करुणानं वाचलं, "'हुकूम चुकीचा हाये' म्हनते."

"पहिल्याच दिवशी मालकाले उलटून बोलते!"

मी पुन्हा दाबलं. पुन्हा हुकूम चुकीचा. गुलाबकाकांनी मान हलवली. "पहिलेच सांगून राह्यलो होतो, पोरीले शिलाईच्या क्लासले धाडा. हे कंपूटर-बिंपूटर आपलं काम नाई." बाबांनी आधी करुणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. नववीत माझी शाळा सुटली, त्यात मी एकटाच बुडालो होतो. आता माझ्या आयटीपायी पोरीचं कॉलेज बुडणार!

तेवढ्यात आई कुठं गेली म्हणून मी मागं वळलो, तर ती घमेलं घेऊन येत होती. घमेल्यात पेटवलेला कडुनिंबाचा ओला पाला. ओसरीभर धूर!

"आई, हे काहून?"

"तुह्या बाबानं सांगतलं नं, त्याच्यात डास शिरले म्हनून! रोज गोठ्यात करतो, आज इथं करतो." आणि तिनं लॅपटॉप उचलून त्या धुरावर धरला! बाबा टॉवेलनं वारा घालायला लागले. लोक खोकत होते. गुलाबकाका डोळे चोळत ओरडले, "खालून धर वयनी, खालून! डास खालीच बसते!"

मी लॅपटॉप ओढून घेतला आणि पळून जावं म्हणून दाराकडे वळलो. इतक्यात करुणा धुरातून पुढं आली. हसू दाबून दाबून तिचा चेहरा लाल झाला होता.

"कोनी काही करू नोका. खराब नाई तो. डॉस म्हंजे कोरा, दादानं मुद्दामच तसा आनला. भरलेला आनला असता तं मी का शिकली असती? त्याच्यात काय भरायचं ते मीच ठरवीन. हो नं दादा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "हो," मी म्हणालो. "आमच्या आयटीत असंच असते."

"असं सांगा नं मंग!" गुलाबकाका म्हणाले. "म्या पहिलेच म्हनलं, पोरगा हुशार हाये." बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि सोमवारच्या बसची वेळ विचारली.

रविवारी करुणानं मैत्रिणीकडून पेन ड्राइव्ह आणला आणि फुकटातला पेंग्विन, म्हणजे लिनक्स, त्या लॅपटॉपात बसवला. दुपारपर्यंत गाणी वाजायला लागली. अजूनही लॅपटॉप तापला की त्याला कडुनिंबाचा वास येतो म्हणे. पण एक आहे, तिच्या वर्गात कोणाच्याच लॅपटॉपावर डास बसत नाही!

ती आता शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या त्या एका वाक्यानं माझी आयटीही वाचली आणि तिचं कॉलेजही. हे उपकार मी एक दिवस फेडणार, हे इथं लिहून ठेवतो. परवा फोनवर तिलाही सांगितलं, "करू, तुले मी सफरचंदवाला घेऊन देईन. पक्कं!"

"घेऊन दे दादा," ती म्हणाली. "पन दुकानात मी बोलीन. तू बाहेर उभा राहून चहा सांग. त्यातलं तुले समजते."