काळ्या पडद्यासमोरची मुलाखत

संगणकाचं अपडेट किती झालं, हे मी हाताने बघतो. डबा टेबलाखाली असतो. त्याच्या मागच्या जाळीवर तळहात ठेवला की हवा गरम लागते आणि पंखा चढ्या आवाजात फिरत असतो, म्हणजे काम चालू. हवा कोमट झाली, पंखा खाली आला, म्हणजे काम संपलं किंवा अडकलं. या दोन्हींतला फरक मात्र हाताला कळत नाही. मी जन्मापासून आंधळा आहे. अंधेरीच्या एका कंपनीत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. आता निवृत्त होऊन मुलुंडला घरी बसलोय, आणि घरातला संगणक मी वापरतो तेवढा दुसरं कोणीच वापरत नाही.

माझ्या संगणकात एक बाई राहते. म्हणजे पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्याचा आवाज बाईचा. पेपर, बँक, बुद्धिबळ, भावाची लांबलचक पत्रं, सगळं मी तिच्या जिवावर करतो. सवयीमुळे मी तिला इतक्या वेगात बोलायला लावतो की दुसऱ्या कोणाला एक अक्षर कळत नाही. माझी बायको मालवणची. तिचा आणि या बाईचा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा. "तुमची बाई दुपारची पण गप बसणा नाय," ही रोजची तक्रार. शेवटी मी अशी सोय केली की बाईचा आवाज फक्त माझ्या इअरफोनमध्ये येईल, आणि गाणी, बातम्या वगैरे बाकीचं सगळं स्पीकरवर. तेव्हापासून घरात शांतता आहे.

पण अपडेट सुरू झालं की ही बाई बेपत्ता. निळ्या पडद्यावर टक्के चढत असतात म्हणे, ते वाचायला ती नसतेच. मग मी स्वयंपाकघरात ओरडून विचारायचो, "अगं, किती झालं?" बायको कांदा चिरता चिरता म्हणायची, "सत्तर." अर्ध्या तासाने विचारलं तरी सत्तर. सुरीचा आवाज एकदाही थांबायचा नाही, म्हणजे ही जागची हललेलीच नाही हे मला कळायचं. आमच्या घरातलं प्रत्येक अपडेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सत्तर टक्क्यांवर असायचं.

आणि अपडेट झाल्यावर तरी सुख होतं का? एकदा बाई मराठी वाचायचंच विसरली, चार दिवस मी इंग्रजीवर काढले. एकदा सगळी बटणं हलली. जे तीन कळा दाबून सापडायचं ते पाचव्या कळेवर गेलं, आणि तिसऱ्या कळेवर भलतंच काहीतरी येऊन बसलं. डोळस माणसाला नवीन मांडणी एका नजरेत कळते. मला मात्र अंधारात घरातलं सामान हलवून ठेवल्यासारखं होतं. मी चिडायचो, जोरजोरात शिव्याही द्यायचो, आणि मग ब्रेलची पाटी काढून नवी मांडणी टोचून ठेवायचो. कुठली गोष्ट कितव्या कळेवर, कुठल्या बटणानंतर कुठलं बटण, सगळं. अशी जाड कागदांची एक वही झाली होती. बायको तिला भोकांची वही म्हणते.

अपडेटचा कारभार सुनेकडे होता. ती विज्ञान शिकवते, पण तेव्हा दहिसरच्या एका शाळेत कंत्राटावर होती. दोन बसेस बदलून जायची, दोन बदलून यायची, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये पुढच्या वर्षी घेतात की नाही या काळजीने घरात फिरायची. स्वभावाने चांगली, पण सदा घाईत. मी संगणकाच्या सेटिंगला हात लावतोय असं दिसलं की म्हणायची, "बाबा, तुम्ही राहू द्या, मी करते ना." कधी अपडेट लावायचं, कधी नाही, हे मला कोणी विचारायचं नाही. जी बाई गप्प होणार ती माझी, आणि विचारणार कोणी नाही. मला राग यायचा. तो मी गिळायचो, कारण बसमधून उतरून आलेल्या पोरीशी कोण भांडणार?

मग आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवरच्या शाळेत जागा निघाली. कायमची. चार वर्षं ती अशाच जागेची वाट बघत होती. पहिली मुलाखत ऑनलाइन, सकाळी अकरा वाजता. सूचनांमध्ये दोन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या, असं तिने वाचून दाखवलं. मोबाइलवरून जोडायचं नाही, आणि संगणक अपडेट केलेला असावा.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती अपडेट लावायला बसली. मी म्हटलं, "कामाच्या आदल्या दिवशी नको गं. काही बिघडलं तर?"

"बाबा, तसं लिहिलंय त्यांनी. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी विषय सोडला. खरं तर तेव्हा सोडायला नको होता.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती साडी नेसून बसली. स्टार्चचा वास आला, खुर्ची सरकली, बटण दाबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा बटण. मग बटण दाबून धरलं, सोडलं, वायर काढली, लावली. चौथ्या वेळेला ती म्हणाली, "बाबा, काहीच येत नाहीये. पूर्ण काळा."

मुलाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये, उचलेना. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला लावला, तो म्हणाला दुकान अकराला उघडतं, घेऊन या. बायको हात पुसत बाहेर आली आणि पडद्यासमोर उभी राहून म्हणाली, "मेल्यान तोंड काळा केल्यान."

"वाट लागली आई," सून म्हणाली. "चार वर्षं थांबले होते, आणि मीच काल..."

तीस वर्षं मी माणसांचे नुसते आवाज ऐकले आहेत. रडू घशात कुठे अडकलंय ते मला कळतं. मला पोरीची फार दया आली, आणि त्याच वेळी, कबूल करतो, मनात थोडं 'मी सांगत होतो ना' पण आलं.

मी टेबलाखाली वाकून जाळीवर हात ठेवला. हवा कोमट, पंखा संथ, एका लयीत. हा काही मेलेल्या यंत्राचा श्वास नव्हता. मी उभ्यानेच इअरफोन कानात घातला आणि एक कळ दाबली. कानात माझी बाई अगदी शांतपणे म्हणाली, "पासवर्ड."

मी इतक्या जोरात ओरडलो की बायकोच्या हातातून काहीतरी पडलं. "जिवंत आहे! नुसता पडदा गेलाय! आत सगळं चालू आहे!"

"पण दिसत काहीच नाही ना, बाबा!"

"मला कधी दिसलंय?" मी म्हटलं. "सरक. बसू दे मला."

ती सरकली. या घरात त्या खुर्चीवरून मला कोणी जागा करून दिली असं प्रथमच झालं. मी आत शिरलो. अपडेटने पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, बदललेला असणार, तो जुना करायला हवा होता. पण त्यासाठी संगणक बंद करून चालू करावा लागतो, आणि तो परत कधी उठेल याचा नेम नाही. दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

"आधी मुलाखत," मी म्हटलं. "पडदा नंतर."

"काळ्या पडद्यासमोर?"

"त्यांना तू दिसणार, तुझं ऐकू येणार. तुला त्यांचं ऐकू येणार. अजून काय पाहिजे? ती लिंक मला पाठव."

तिने मोबाइलवरून लिंक माझ्या मेलवर पाठवली. मी ती उघडली. नावाच्या जागी माझं नाव आलं होतं, ते पुसून तिचं लिहिलं. माइक चालू, बाईने सांगितलं. कॅमेरा चालू, तेही सांगितलं. पण खात्री पाहिजे, म्हणून मी बायकोला विचारलं, "वर छोटा दिवा लागलाय का बघ. खरं बघ हं, सत्तर नको."

"लागलो, लागलो," ती म्हणाली. यावेळी ती खरोखर पडद्याजवळ येऊन बघत होती.

"त्या दिव्याकडे बघून बोल," मी सुनेला सांगितलं.

"पण बाबा, समोरचे माना हलवतायत की आठ्या घालतायत, मला कसं कळणार?"

"आवाजात कळतं. माणूस तोंडाने खोटं हसतो, पण खोटं हसलेलं ऐकू येतं. त्यांचं बोलणं संपलं की लगेच तुटून पडू नकोस, दोन श्वास थांब. तू भरकटलीस तर मी तुझ्या पायाला दोनदा बोट लावीन."

मी तिला परत खुर्चीवर बसवलं आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन कॅमेऱ्याच्या खाली, छोट्या स्टुलावर बसलो. एका कानात बाई, दुसरा कान खोलीसाठी मोकळा. भोकांची वही शेजारी. बायकोने कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी नको म्हणून. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तीन आवाज होते. एक संथ गृहस्थ, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. एक बाई, भरभर बोलणाऱ्या, बहुतेक मुख्याध्यापिका. तिसरा माणूस जवळजवळ बोलतच नव्हता, नुसते कागद उलटत होता. सुरुवातीला सुनेचा आवाज वर चढलेला, घाईतला. नावगाव, शिक्षण, अनुभव. मग मुख्याध्यापिकांनी विचारलं की प्रयोगशाळेत सामानच नसेल तर काय कराल.

इथे पोरीचा आवाज खाली उतरला, आणि मला कळलं की आता हिला भीती उरली नाही. दहिसरच्या वर्गात तिने मुलांना घरून हळद आणायला लावली होती. कागदाला हळद फासून वाळवली, मग त्यावर साबणाचं पाणी टाकलं की पिवळा कागद लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. एका मुलीने वर्गात ओरडून विचारलं, बाई, माझ्या आईच्या साडीवर पडलेला डाग लाल झाला तो यामुळेच का? सून हे सांगताना हसली. समोरच्या बाईही हसल्या, आणि ते हसणं खरं होतं.

नेमकं तेव्हा माझ्या कानात टिंग झालं. बाई म्हणाली, "अपडेट पूर्ण करण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे."

मी कळांवरची बोटं उचलली. या खिडकीत दोन बटणं असतात, 'आत्ता' आणि 'नंतर'. मागच्या अपडेटमध्ये त्यांची अदलाबदल झालेली मला आठवत होती, पण नक्की कुठलं आधी ते आठवेना. डाव्या हाताने वही उघडली. शेवटचं पान, शेवटून तिसरी ओळ. बोटाखाली ठिपके आले: पहिलं आत्ता, दुसरं नंतर. मी एकदा कळ दाबली. कानात बाई: "नंतर आठवण करून द्या." एंटर. खिडकी गेली. वर सून तिच्या हळदीबद्दल बोलतच होती, तिला पत्ताच नव्हता. मला इतका आनंद झाला की त्या स्टुलावर बसल्या बसल्या मी एकटाच हसत होतो.

शेवटी एकदा समोर फार वेळ शांतता पडली. सून पुढे काहीतरी बोलू लागणार, तेवढ्यात मी तिच्या पायाला दोनदा बोट लावलं. ती थांबली. संथ गृहस्थांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आम्हाला आवडलं तुमचं. कळवतो लवकरच."

मी कॉल तोडला, दोनदा खात्री केली, आणि मग म्हटलं, "बोला आता." सून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. बायकोने तिला जवळ घेतलं.

मी मात्र स्टूल सोडलं नाही. भोकांच्या वहीवरून वाट काढत ड्रायव्हरपर्यंत गेलो, त्याला मागच्या आवृत्तीवर नेलं आणि संगणक पुन्हा सुरू केला. कुकरखालचा गॅस लागल्याचा आवाज आला. तेवढ्यात बाहेर येऊन बायको किंचाळली, "इलो! इलो! चित्र इला!" आणि पहिल्यांदाच माझ्या बाईचं कौतुक करत म्हणाली, "हुशार आसा हां तुमची ती."

दुसऱ्या मुलाखतीला सून शाळेत गेली. जिन्यात मागून कोणीतरी घसा साफ केला, आणि तिने वळायच्या आधीच "नमस्कार सर" म्हटलं. घरी येऊन तिने हे मला तीनदा सांगितलं. पुढच्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. ते मी बाईकडून स्वतः वाचून घेतलं, अगदी हळू वेगात, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

परवा रविवारी मी सोफ्यावर बसलो होतो. संगणकापाशी बसलेली सून म्हणाली, "बाबा, अपडेट आलंय. लावू का?"

मी जरा वेळ घेतला. घ्यायलाच हवा होता. "उद्या तुझं काही महत्त्वाचं आहे?"

"नाही."

"मग लाव."

सवयीने मी उठलो, टेबलाखाली वाकलो आणि जाळीवर हात ठेवला. हवा गरम व्हायला लागली होती. तिची खुर्ची माझ्या शेजारी सरकली.

"चार टक्के, बाबा," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "नऊ."

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "सत्तर!"

"नाही आई, बारा. मी बघतेय."

मी जाळीवरचा हात काढून घेतला.