दाराजवळची खुर्ची

पंखेवाल्यांनी आपल्या बायकोचं नाटक जितक्या वेळा पाहिलं, तितक्या वेळा दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. पण त्याचा शेवट कसा होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे ऐकून ठाऊक होतं. घरी आल्यावर बायको चेहऱ्यावरचा रंग पुसता पुसता सांगायची, "मग मी दोन कपांत चहा ओतते, थोडं बोलते, आणि पडदा." इतकंच. जो माणूस तिसऱ्या अंकाला कधी जागेवर नसतो त्याला तिसरा अंक रंगवून कशाला सांगायचा, असं तिचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

दोष त्यांचाही नव्हता, वेळेचा होता. ते ज्या कंपनीत कामाला होते ती इंटरनेटवर जाहिराती दाखवायची. कुणी फोनवर बातमी वाचायला घेतली की बाजूला चपलांची, चष्म्यांची नाहीतर दातांच्या डॉक्टरची जाहिरात झळकते ना, ती. कोणत्या माणसाला कोणती जाहिरात दाखवायची हे पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारे सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत होते. पूर्वी तिथे एका छापखान्याचे कागदाचे गठ्ठे असत. आता लोक फोन हातात कधी घेतात? कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी. आणि हौशी मंडळी नाटकं कधी करतात? तेव्हाच. पडदा वर जायचा त्या सुमाराला सर्व्हर तापायला लागायचे, आणि दुसरा अंक संपेपर्यंत पुरते भाजून निघायचे.

त्या खोलीत एसी होता, पण तो लहर लागेल तेव्हा चालायचा. मग हे गृहस्थ धावत जाऊन दारं उघडायचे, बिनकामाची यंत्रं बंद करायचे आणि टेबलफॅन लावायचे. आधी घरातला नेला, मग शेजाऱ्यांचा मागून नेला, मग मेव्हण्याकडचा. तेव्हापासून त्यांना पंखेवाले हे नाव चिकटलं ते चिकटलंच. सासूबाईसुद्धा फोनवर विचारायच्या, "काय गं, पंखेवाले जेवले का?"

नाट्यगृहात त्यांची खुर्ची ठरलेली होती, बाजूच्या दाराला लागून, रांगेतली अगदी कडेची. तिसऱ्या अंकाची घंटा होऊन तो सुरू झाला की खिशातला फोन थरथरायचा आणि ते कमरेत वाकून बाहेर पडायचे. डोअरकीपरला याची इतकी सवय झाली होती की तो आधीच पडदा सारून दार किलकिलं करून ठेवायचा. सुरुवातीला बायको चिडायची. "एक दिवस बसलात तर तुमची यंत्रं काय जीव देणार आहेत?" असं विचारायची. पुढे पुढे विचारायची थांबली. "आज थांबाल ना?" हा प्रश्न घरातून कधी निघून गेला ते कळलंच नाही, आणि एकदा कळल्यावर मात्र पंखेवाल्यांना फार लागलं. माणूस भांडतो तोवर त्याला आशा असते, हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर समजलं.

कंपनीची मालकीण म्हणजे बायकोचीच जुनी विद्यार्थिनी. बायको शाळेत गणित शिकवायची, आणि ही पोरगी तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या वहीत चित्रं काढायची. आता तिच्या हाताखाली पाच-सहा जणं होती. ती पंखेवाल्यांना काका म्हणायची, आणि ते तिला तोंडावर मालकीणबाई म्हणायचे, म्हणजे ती लाजायची. हुशार होती, कष्टाळू होती, पण तिची गाडी मागच्या खोलीत अडकली होती. नवीन दुकानदार जाहिरात द्यायला आला की ती पंखेवाल्यांकडे बघायची, पंखेवाले खोलीकडे बघायचे, आणि मग ती त्या माणसाला गोड बोलून वाटेला लावायची. आहे त्या यंत्रांना आहे तेच झेपत नव्हतं. एका संध्याकाळी तर तेही झेपलं नाही. चपलांच्या जाहिरातीच्या जागी लोकांना नुसता पांढरा चौकोन दिसत राहिला, आणि चपलावाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीकडे गेला.

"काका, आपण क्लाउडवर जायचं," मालकीण म्हणाली.

"म्हणजे आपली यंत्रं काढायची?"

"हो. दुसऱ्यांची वापरायची. लागतील तेवढी घ्यायची, काम झालं की सोडून द्यायची. जेवढी वापरू तेवढ्याचंच भाडं."

"आणि ती असणार कुठे?"

"कुठेतरी लांब. मोठमोठ्या इमारतींत."

"तापली तर?"

"तापली तर त्यांची माणसं बघतील, काका!"

हे काही पंखेवाल्यांच्या पचनी पडेना. आपण ज्याला हात लावू शकत नाही त्याच्यावर विसंबायचं कसं? घरी येऊन त्यांनी बायकोपुढे तक्रारीचा पाढा वाचला. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "यात काय एवढं? आम्ही शाळेच्या मैदानात प्रयोग करतो तेव्हा खुर्च्या भाड्याने आणतो. गर्दी वाढली तर टेम्पोवाल्याला फोन करून आणखी मागवतो. एका संध्याकाळसाठी कुणी हजार खुर्च्या विकत घेऊन घरात रचून ठेवतं का?" पंखेवाले अख्खं आयुष्य खुर्च्या रचून ठेवत आले होते.

मग काम सुरू झालं. आधी जाहिरातींची चित्रं तिकडे हलवली, मग माहिती, आणि सगळ्यात शेवटी कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारा भाग. भार किती वाढला की नवीन सर्व्हर आपोआप जोडायचे आणि किती उतरला की सोडायचे, याचे नियम मालकीण आणि पंखेवाले शेजारी शेजारी बसून लिहीत. ती म्हणायची भाडं वाढतं, जरा उशिरा जोडू. ते म्हणायचे तापायच्या आधीच जोडू. रोज वाद, रोज चहा, आणि मग दोघांच्या मधला आकडा. प्रत्येक वेळी सर्व्हर जोडले की आपल्या फोनवर निरोप यावा, एवढी एक सोय मात्र पंखेवाल्यांनी हट्टाने करून घेतली.

जुनी यंत्रं एका शाळेला दिली. ती उचलून नेली त्या दिवशी मागची खोली इतकी शांत झाली की पंखेवाल्यांना तिथे उभं राहवेना. वाईट वाटलं, अगदी भरून आलं. दुसऱ्याच आठवड्यात तिथे टेबलं लागली आणि नवीन मुलंमुली येऊन बसली, कारण आता दुकानदारांना परत पाठवायचं कारण उरलं नव्हतं. चष्म्यांवाला आला, सायकलवाली आली, आणि एक दिवस गाद्या बनवणारी एक मोठी कंपनी चालत आली. खोलीत पंखा एकच उरला, तोही शोभेला, आणि पंखेवाल्यांना बसायला पहिल्यांदाच खिडकीजवळची जागा मिळाली. आता कुठे सर्व्हर उगाच चालू राहिलेत, कुठे भाडं वाया जातंय, हे ते पडद्यावर बघायचे. काम बरं होतं. रात्री झोपही लागत होती.

गाद्यांवाल्यांची सवलत एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सुरू होणार होती, आणि त्याच संध्याकाळी बायकोचा प्रयोग होता. जाहिरातींचा एवढा लोंढा कंपनीने आजवर पाहिला नव्हता. पुन्हा पांढरा चौकोन दिसला असता तर गाद्यांवाले गेलेच असते, आणि त्यांच्या भरवशावर घेतलेली नवीन मुलंही गेली असती. हे सगळं माहीत असून पंखेवाल्यांच्या तोंडून सकाळी निघून गेलं, "आज मी शेवटपर्यंत थांबणार आहे."

बायको साडीला इस्त्री करत होती. "बरं," ती म्हणाली. मुलाने उद्यापासून पहाटे उठून अभ्यास करणार म्हटल्यावर आई जसं म्हणते, अगदी तसं.

मध्यंतरात त्यांनी मालकिणीला फोन लावला. पलीकडून तीच ओरडली, "काका, तुम्ही नाटकाला आहात ना? मग माझ्याशी काय बोलताय?"

"सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. ठेवा फोन!"

तिसऱ्या अंकाची घंटा झाली, दिवे गेले. डोअरकीपरने सवयीप्रमाणे पडदा सारला आणि दार किलकिलं केलं. पंखेवाल्यांनी त्याला हातानेच नको म्हटलं. तो बुचकळ्यात पडून तसाच उभा राहिला. इतक्यात खिशातला फोन थरथरला आणि पंखेवाल्यांचे गुडघे डोक्याला न विचारता उठले. अर्धवट वाकलेल्या अवस्थेत त्यांनी निरोप वाचला. भार वाढला होता, नवीन सर्व्हर जोडले गेले होते. कुणीही धावत गेलं नव्हतं. ते खाली बसले. फोन पुन्हा थरथरला, गुडघे पुन्हा उठले. मागचा एक प्रेक्षक करवादला, "अहो, एक काय ते ठरवा!"

पंखेवाल्यांनी फोन डोअरकीपरच्या हातात दिला. "हा ठेवा तुमच्याकडे."

"आणि तुम्ही?" तो कुजबुजला.

"मी बसतोय."

रंगमंचावर बायको एकटी होती. नाटकातला तिचा नवरा कधीच निघून गेलेला, घर सामानासकट विकलेलं, आणि ही बाई उद्या जायच्या आधी शेवटचा चहा करत होती. तिने दोन कपांत चहा ओतला. एक स्वतःपुढे ठेवला, एक रिकाम्या जागेपुढे. मग समोर, प्रेक्षकांच्या अंधारात बघत ती बोलायला लागली, "तुम्ही इथे असतात तर मी तुम्हाला सांगितलं असतं…"

आणि थांबली.

नाट्यगृहात कुणी जागचं हलेना. ती नुसती बघत राहिली, ओठ किंचित उघडे. विंगेतून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. असं थांबणं पंखेवाल्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिने नजर वळवली, समोरच्या कपाकडे बघितलं आणि उरलेलं सगळं त्या कपाशी बोलली, इतक्या हळू की मागच्या रांगेतली माणसं पुढे सरकली. पडदा पडला तेव्हा पंखेवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही भान नव्हतं.

रंगपटात ते जवळजवळ धावतच गेले. बायको आरशासमोर बसली होती. तिचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

"काय केलंस गं! ते मधेच थांबणं! काळजाला हात घातलास."

"अहो, वाक्य विसरले मी."

"काय?"

"एवढे प्रयोग झाले, एकदा विसरले नव्हते." तिने कापसाचा बोळा खाली ठेवला. "दिग्दर्शकांनी पहिल्या तालमीलाच सांगितलं होतं, ते बोलताना प्रेक्षकांतली एक रिकामी खुर्ची धरा आणि तिच्याशी बोला. आता भरलेल्या नाट्यगृहात हुकमी रिकामी खुर्ची कुठली मिळणार? तुमची मिळायची. दर वेळी त्या खुर्चीकडे बघितलं की मला आपोआप भरून यायचं. आणि आज बघते तर तुम्ही! आ वासून बसलेले!"

पंखेवाल्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही केलं, आणि मग तीही हसायला लागली.

"इतकी वर्षं तू माझ्याशी बोलत होतीस," ते म्हणाले.

"तुमच्या खुर्चीशी. तुम्ही होतात कुठे?"

बाहेर डोअरकीपरने फोन परत दिला. "सारखा थरथरत होता हो. मला वाटलं कुणीतरी गेलं." निरोपांची रांग लागली होती. सर्व्हर जोडले, आणखी जोडले, मग लोक झोपायला गेले तसे एकेक सोडून दिले. पांढरा चौकोन कुणालाही दिसला नव्हता. सगळ्यात खाली मालकिणीचा निरोप होता आणि त्यात गाद्यांचं नावही नव्हतं. तिने विचारलं होतं, "काका, शेवट कसा आहे?"

घरी जाताना बायको म्हणाली, "पुढच्या वेळी दाराजवळ बसू नका. मधे बसा."

"मधे बसलं की उठता येत नाही."

"म्हणून तर सांगतेय."

"आणि तुझी रिकामी खुर्ची?"

ती म्हणाली, "तिकिटं दोन काढा."

पुढच्या प्रयोगाला पंखेवाल्यांनी दोन तिकिटं काढली. एकावर ते स्वतः बसले, रांगेच्या अगदी मधोमध, दोन्ही बाजूंनी माणसांत अडकून. दुसरं तिकीट दाराजवळच्या खुर्चीचं होतं आणि ते त्यांच्या खिशात होतं. तिसरा अंक सुरू झाला तसा डोअरकीपरने पडदा सारून दार किलकिलं केलं, कडेच्या खुर्चीकडे बघितलं आणि ती रिकामी पाहून मान हलवली. म्हाताऱ्याला आज फोन जरा लवकरच आला, असं स्वतःशी म्हणत त्याने दार हळूच लावून घेतलं.

रंगमंचावर बायकोने दोन कपांत चहा ओतला आणि त्या खुर्चीकडे बघून बोलायला लागली. रांगेच्या मधोमध पंखेवाले ओठांतल्या ओठांत तिचं पुढचं वाक्य म्हणत होते.