नसांची डॉक्टर

जाऊबाईंची थोरली शिकायला म्हणून आमच्याकडे राहते. आधी डॉक्टर झाली, मग मेंदूची डॉक्टर झाली आणि आता पुन्हा विद्यार्थीच. या शिक्षणाला फेलोशिप म्हणतात. नसेला विजेचा बारीक झटका द्यायचा, स्नायूत सुई घालून त्याचा आवाज ऐकायचा आणि दुखण्याचं मूळ शोधायचं. एवढं शिकूनही संपत नाही म्हणजे मधेच कुठेतरी नापास झाली असणार, असा मला संशय होता.

तिची एक खोड आहे. माणसाचं तोंड बघायच्या आधी चाल बघते. दूधवाला जिना उतरायला लागला की ही कठड्यावरून वाकून त्याचे पाय न्याहाळणार. लोक काय म्हणतील, म्हटलं, तर म्हणते, डावा पाय आपटतो त्याचा, काकू.

हल्ली मात्र तिची नजर ह्यांच्या हातावर होती. हे शिंपी, दुकान आमचंच. जेवताना ती ह्यांची बोटं बघे, मी पोळी आणायला वळले की दोघांची कुजबुज सुरू आणि मी आले की दोघंही गप्प, जशी काही मी जप्तीवालीच. त्यात हे सकाळी तिच्याबरोबर बाहेर पडू लागले. विचारलं तर म्हणाले, फिरायला. जन्मात कधी न फिरलेला माणूस! हातात जपाची माळ आणि कान जिन्याकडे, अशी माझी गत झाली. मला न सांगता दुकान विकायचं चाललंय, असं मी धरून चालले.

परवा मागोमाग गेले. हॉस्पिटलात एका खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. हे खाटेवर पडलेले आणि पुतणी ह्यांचा उजवा हात गरम टॉवेलात गुंडाळून धरून बसलेली.

"काय चाललंय हे?"

ती दचकली नाही. "हात गार आहे, काकू. गार हातात नस सावकाश चालते, तपासणी खोटी येते. मागच्या वेळी मी हीच चूक केली, म्हणून आज परत."

मग सगळं बाहेर आलं. ह्यांच्या हातातून कात्री निसटत होती, अंगठ्यालगतचं मांस आटलं होतं. एक तर कोपरात नस दाबली गेली असेल, नाहीतर अंगातले सगळे स्नायू एकेक करून संपवणारा आजार असेल. ते ठरेपर्यंत मला कळू द्यायचं नाही, असं ह्यांनी तिला बजावलं होतं. अजून शिकणाऱ्या मुलीच्या हाती नवरा कसा सोपवायचा?

"तुझ्या सरांना बोलाव," मी म्हटलं.

सर आले आणि तिच्या मागे नुसते उभे राहिले. तिने कोपराच्या खाली झटके दिले, वर दिले. नस कोपरापाशीच अडखळत होती. मग सुई. पंजात घातली तेव्हा यंत्र तडतडलं. त्यानंतर दंड, पाठ, मांडी. दर वेळी ती म्हणे, सैल सोडा काका, आणि यंत्र गप्प; गप्प म्हणजे तिथला स्नायू धड. मी ह्यांच्याकडे न बघता यंत्राकडेच बघत होते. शेवटी सरांनी होकारार्थी मान हलवली.

"कोपरातच आहे," पुतणी म्हणाली. "हात किती भरून येईल ते आज सांगत नाही. पण हे पसरणारं नाही." तपासणी संपली तरी तिने ह्यांचा हात पुन्हा टॉवेलात गुंडाळून धरला. मी तिला कोरडी समजत होते.

देवाचं नाव घेतलं आणि ह्यांना विचारलं, आणखी काय लपवलंय?

"काही नाही," हे म्हणाले.

पुतणी घाईघाईने सुया आवरायला लागली. मला काही ते बरोबर वाटलं नाही; दुकानाचं काहीतरी असणारच.