डावी कुशी

तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, मांडीचं हाड मोडून पडून होत्या, तेव्हा शेजारच्या सिस्टर रोज येत. गंगापूर रोडला आमची घरं एका भिंतीची. त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवत. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत हसून बघत राहायची त्यांची सवय; मी एम. ए. झालेली, तरी गडबडून जायची.

एकदा सोबत दोन विद्यार्थिनी होत्या. पडून पडून पणजींची पाठ लाल झाली होती, कातडी फुटायची भीती होती. उजवा पाय दुखरा, म्हणून डाव्या कुशीवर वळणं भाग होतं, आणि त्या वळू देत नव्हत्या.

"पुस्तक काय म्हणतं?" सिस्टरांनी विचारलं.

"कूस बदलायची, पाठ मोकळी ठेवायची," एक मुलगी धडाधड म्हणाली.

"आणि आजी?"

"नको म्हणतात."

"का?"

मुलीनं सोबतिणीकडे पाहिलं. सिस्टर हसत राहिल्या. मग कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीनिशी खाटेशेजारी जमिनीवरच डाव्या कुशीवर आडव्या झाल्या.

"अगं बाई, नुसती भिंतच की हो, आजी!"

"मग! स्वयंपाकघर पाठीमागे. ही आमटीत मीठ किती घालते, बघायला नको?"

आम्ही चौघींनी पणजींसकट खाट उलटी फिरवली. त्या आपणहून म्हणाल्या, "हं, आता वळवा."

पाठ हळूहळू निवळली. मला मात्र रोज डाव्या कुशीवरून हुकूम येऊ लागले, "सूनबाई, मीठ पुरे!" आणि पाठोपाठ भिंतीपलीकडून सिस्टरांचं हसू.