वहिनीचं “आय ॲम कमिंग”

मी काही देवाचं काम करायला परदेशी गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. दादाला आमच्या मिशनच्या संस्थेनं तिकडे चर्चचा पाळक म्हणून पाठवलं, वहिनीला त्याची बायको म्हणून जावं लागलं, आणि दोन पोरांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मला, बिनलग्नाच्या बहिणीला, सोबत धाडलं. तिघांत खूश एकटा दादा होता.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आणि प्रार्थनेसाठी तिसरी, लांबट. खिडकी उघडली की वंगणाचा वास आत यायचा. दादानं हौसेनं चाळीस खुर्च्या आणून मांडल्या. रविवारी त्यातल्या पाच भरायच्या. चार आमच्याच, पाचवी खालच्या सायकलवाल्याची, आणि तोही भिडेखातर येऊन डुलक्या काढायचा. दादा मात्र चाळीस माणसं बसल्यासारखा घसा ताणून बोलायचा. वहिनी पहिले सहा महिने नुसती रडली. इकडे गावी ती पाळकाची बायको म्हणून सभांना चहा करायची, तिकडे तर तेवढंही काम नव्हतं.

मग एकदा समोरच्या घरातली शिंपीणबाई पोराची चड्डी आखूड करून द्यायला आली आणि दारातच घुटमळली. तोवर आम्हाला तिकडची भाषा मोडकीतोडकी कळायला लागली होती. तिची लेक तिसऱ्याच देशात दिली होती. नातीला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, आणि आजी-नात फोनवर नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत बसायच्या.

“मला चार वाक्यं शिकवाल का?” तिनं विचारलं.

वहिनी म्हणाली, “अहो, माझंच इंग्रजी यथातथा आहे.”

ते खरंच होतं. वहिनी मराठी शाळेतली, इंग्रजी पाठ करून पास झालेली. पण दादानं तिची भीड चेपली, आणि बुधवार-शनिवारी वर्ग सुरू झाला. शिंपीणबाईनं बस चालवणाऱ्या भावाला आणलं, त्यानं डेपोतल्या दोघांना. वर्षाच्या आत तीसेक खुर्च्या भरायला लागल्या! वहिनी खडूनं हात पांढरे करून उभी असायची. ‘द’ गाळलेला तिला अजिबात चालायचा नाही. बसवाल्यासारखा धिप्पाड माणूस “ओपन डोअर” म्हणाला, की ही टाचा उंचावून म्हणायची, “‘द’ कुठाय? ओपन *द* डोअर. पुन्हा!” आणि तो गपचूप पुन्हा म्हणायचा. तिला सगळे ‘टीचर’ म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी दादाच्या नावाशिवाय ओळखत होतं. तिची मान बदलली, चालणं बदललं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आता त्या वाक्याचं सांगते. पहिल्याच आठवड्यात वर्ग संपला, तशी बाजाराची पिशवी उचलून वहिनी सवयीनं म्हणाली, “चला, येते मी.” ते काय, म्हणून सगळ्यांनी विचारलं. तिनं तिथल्या तिथे इंग्रजी करून फळ्यावर लिहिलं, “आय ॲम कमिंग.” निघताना असं म्हणायचं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. दोन-अडीच वर्षं माणसं जिना उतरताना “आय ॲम कमिंग, टीचर” म्हणत होती, आणि आमच्यापैकी एकाच्याही कानाला खटकलं नाही. खटकणार कसं? मी चिडून “जाते” म्हटलं की आई लाटणं घेऊन मागे यायची, “जाते काय? येते म्हण!”

तीन वर्षं भरली आणि मुदत वाढवायची की आम्हाला परत बोलवायचं, हे ठरवायला संस्थेचे साहेब आले. त्यांची मातृभाषाच इंग्रजी. मला वाटलं होतं, वहिनी म्हणेल सुटले एकदाची. पण आदल्या दिवशी भांडी घासताना ती म्हणाली, “मला परत नाही जायचं गं. तिथं मी पुन्हा चहाच करणार.” मी तिला कधी इतकी घाबरलेली पाहिली नव्हती.

वर्ग मात्र झकास झाला. बसवाल्यानं एकही ‘द’ सोडला नाही. शिंपीणबाईनं नातीबद्दल अख्खी आठ वाक्यं म्हटली. साहेब मान डोलवत होते. मग वर्ग संपला, बत्तीस माणसं उठली, एकेकानं “आय ॲम कमिंग, सर” म्हणून हात मिळवला आणि सगळी जिना उतरली. साहेब बसूनच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“कधी येणार आहेत परत?” त्यांनी विचारलं.

“शनिवारी,” वहिनी म्हणाली.

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. मग ते खदाखदा हसले, आणि हसतहसतच त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. प्रार्थनेला किती येतात, तेही विचारलं. दादानं खरं ते सांगितलं, पाच. मग माझा मवाळ दादा उठून उभा राहिला. “साहेब, तीन वर्षं मी रिकाम्या खुर्च्यांशी बोललो. त्या भरल्या हिनं. हिला नापास करू नका.” मला त्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना कागद भरायचा होता.

शनिवारी वहिनीनं फळ्यावर ‘गुडबाय’ लिहिलं. चेहरा उतरलेला, पण आवाज खणखणीत. “मी चुकीचं शिकवलं. ते माझ्या भाषेतलं होतं. इंग्रजीत जाताना हे म्हणायचं.”

“तुमच्या भाषेत कुणी जातच नाही का?” बसवाल्यानं विचारलं. सगळे हसले, वहिनीसुद्धा.

शिंपीणबाई तेवढी हसली नाही. ती हळूच म्हणाली, “म्हणून होय! दर रविवारी मी हेच म्हणून फोन ठेवला की नात दारात जाऊन उभी राहते. लेक सांगते, आत यायलाच तयार नसते.”

वहिनीच्या हातातला खडू खाली पडला. “बाई, मला माफ करा,” ती म्हणाली. शिंपीणबाईनं मान हलवली. “माफी कसली? आता मी खरंच जाणार. मशीन विकेन, पण जाईन.”

महिन्याभरात पत्र आलं. वर्ग बंद, दादाची बदली मायदेशी. वहिनीनं पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि पोरांच्या कपड्यांत ठेवून दिलं. रडली नाही. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी सगळा वर्ग सायकलच्या दुकानासमोर उभा होता. बसवाल्यानं आमच्या ट्रंका गाडीच्या टपावर चढवल्या. मग एकेक पुढे आला आणि म्हणाला, “गुडबाय, टीचर.” बत्तीस वेळा. उच्चार अगदी शिकवल्यासारखा. त्यांना वाटत होतं, चूक केली तर टीचरला वाईट वाटेल. आणि दर गुडबायला वहिनीचा चेहरा आणखी पडत होता. मला राहवेना. मी मनात म्हटलं, अरे शहाण्यांनो, एकदा तरी चुका ना!

वहिनी गाडीच्या पायरीवर चढली, थांबली, मागे वळली. आम्ही परत येणार नव्हतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

“आय ॲम कमिंग,” ती म्हणाली.

मग शिंपीणबाई गर्दीतून पुढे आली, दुकानाच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “येस, टीचर. आय वेट ॲट डोअर.”

‘द’ राहिला होता. वहिनीनं तो दुरुस्त केला नाही.