पानं कुजण्याची वाट बघताना

एम.एस्सी. झाल्यावर मला बेळगावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी लागली. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. खासबागेत एका विणकराच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली होती. आमचं घर निपाणीला. आप्पा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत कामाला आणि आई घरी बसून बिड्या वळायची. आमच्या वस्तीत कॉलेजात शिकवणारी मी पहिलीच, त्यामुळं नोकरी लागल्यावर आप्पांना वाटलं की आता शिक्षण संपलं. पण मला पुढं एम.फिल. करायचं होतं.

माझ्या मार्गदर्शकांनी विषय दिला तो असा, की जंगलात पडलेला पाचोळा कुजत जातो तेव्हा त्याच्याखालच्या मातीतल्या जिवाणूंचं काय होतं. त्यासाठी खानापूरच्या पुढच्या जंगलात वर्षभर खेपा घालाव्या लागणार होत्या. हे निपाणीला सांगितलं, तर आप्पांनी एकच अट घातली. जंगलात एकटीनं जायचं नाही, आई बरोबर येईल. आईला कुणी विचारलं नव्हतं. तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि मला विचारलं,

"म्हंजे पानं सडायची, आन तू ती बघत बसायचीस?"

"व्हय."

"आन त्याची डिगरी मिळती?"

"मिळती की."

यावर ती हसली नाही. पावसाळ्यात टेंभुर्णीच्या पानांना बुरशी धरली की तिचा जीव नुसता टांगणीला लागायचा. डागी पानांच्या बिड्या ठेकेदार बाजूला काढायचा. पानं मऊ राहावीत पण सडू नयेत म्हणून ती ओल्या गोणपाटात गुंडाळायची, उघडायची, वारा द्यायची, पुन्हा गुंडाळायची. आणि तिची शिकलेली मुलगी पानं सडावीत म्हणून धडपडत होती. पण ती आली. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं बेळगावला यायची आणि सोमवारी सकाळी परत जायची.

पाचोळा भरून जमिनीवर ठेवायला जाळीच्या पिशव्या हव्या होत्या. बाजारात तसलं काही मिळेना, म्हणून आम्ही मच्छरदाणीचं कापड आणलं. पिशव्या आईनं शिवल्या. जाळीची भोकं बारीक असली पाहिजेत पण ओल आत गेली पाहिजे, हे मी एकदाच सांगितलं. नंतर तिला काही सांगावं लागलं नाही. एकेका पिशवीला तिनं लाल दोऱ्याची गाठ मारली, म्हणजे पाचोळ्यात शोधायला सोपं जाईल.

फाल्गुनात आम्ही पहिल्यांदा गेलो. एस.टी.तून उतरून बरंच चालावं लागायचं. ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं होती आणि वाळल्या पानांचा थर एवढा, की पाय टाकला की आवाज व्हायचा. एका ओढ्याच्या दोन्ही बाजूंना मी पिशव्या मांडल्या, खुंट्या ठोकल्या, नळीनं माती काढून बाटल्यांत भरली. आई एका दगडावर बसून होती. तिला असं नुसतं बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी पाहुणे आले तरी तिचे हात चालू असायचे. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हितं लई गार वाटतंय गं." मग तिनं पदर डोक्याखाली घेतला आणि तिथंच तिला झोप लागली.

पुढच्या खेपेला गेलो, तर जागा ओळखू येईना. ओढ्याच्या दोन्ही अंगांना जमीन खराट्यानं झाडून काढल्यासारखी लख्ख झाली होती. पाचोळा नाही आणि पिशव्याही नाहीत. एका झाडाच्या मुळाशी तेवढी एक खुंटी पडलेली सापडली. ती मी उचलून घेतली. गेलेल्या पिशव्यांपेक्षा मला मार्गदर्शकांना काय सांगायचं याचीच धास्ती वाटत होती. बैलगाडीची चाकोरी दिसत होती तिकडं आईनं बोट दाखवलं आणि चालू लागली. मी मागून गेले.

जंगलाच्या कडेला पाच-सहा घरांची वस्ती होती. तिथल्या बायका दरसाल जंगलातला पाचोळा गाडीनं आणून गोठ्यात जनावरांखाली अंथरायच्या आणि शेणामुतात भिजला की त्याचं खत करायच्या. आमच्या पिशव्या त्या ढिगात गेल्या होत्या. मी तावातावानं प्रयोग समजावू लागले. त्यातली एक वयस्कर बाई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, आमची भातं ह्याच्यावर पिकत्यात. पाचोळा न्हाय न्यायचा तर मग काय घालू शेताला?"

तेवढ्यात आई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. पाणी मागितलं, चंचीतली तंबाखू पुढं केली, भात कसा झाला ते विचारलं. मग सांगितलं, की माझी लेक शाळा शिकतीया, तिला वरीसभर थोडी जागा द्या. बोलता बोलता ठरलं, की ओढ्याच्या पलीकडचा पाचोळा त्या वर्षी त्या नेणार नाहीत. तिथलाही थर त्यांनी नेला होता, पण वाऱ्यानं झाडांची नवी पानं पडत होतीच. अलीकडचा त्यांचा.

बेळगावला परतल्यावर मी भीत भीत मार्गदर्शकांना हकिकत सांगितली. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, आता झाडलेली आणि न झाडलेली अशा दोन्ही जमिनी तुला आयत्या मिळाल्या आहेत, दोन्हीकडची माती आण आणि ताडून बघ. त्या दिवसापासून माझ्या कामाला खरी दिशा मिळाली. आईनं नव्या पिशव्या शिवल्या.

पावसाळ्यात त्या जंगलात जळवा फार. पहिल्या दिवशी माझे पाय रक्तानं भरले. पुढच्या खेपेला आईनं निपाणीहून तंबाखूचा भुगा आणला, पाण्यात कालवून माझ्या आणि स्वतःच्या पायांना चोळला. जळवा कमी लागल्या, पण त्या उग्र वासानं परतीच्या एस.टी.त शेजारची बाई उठून दुसरीकडं जाऊन बसली. आई बेळगाव येईपर्यंत त्यावरून हसत होती.

पाचोळा हळूहळू बदलत गेला. आधी पानांवर पांढऱ्या बुरशीचे धागे आले, मग पानं मऊ, काळी झाली, शिरा तेवढ्या उरल्या. खालची माती ओली राहायची आणि हातात घेतली की भुसभुशीत लागायची. ओढ्याच्या अलीकडं, झाडलेल्या बाजूला, पावसाच्या थेंबांनी जमीन चोपून घट्ट झाली होती आणि दोन दिवस उघडीप पडली की लगेच सुकायची. प्रयोगशाळेत काचेच्या बशांवर त्या मातीतल्या जिवाणूंचे अगदी थोडे ठिपके उगवत. पाचोळ्याखालच्या मातीच्या बशा मात्र नाना रंगांच्या ठिपक्यांनी भरून जात आणि त्यांना रानातल्या मातीचा वास यायचा. तो वासच मुळी एका जातीच्या धाग्यांसारख्या जिवाणूंचा असतो.

एका रविवारी मी आईला प्रयोगशाळेत नेलं. रंग दिलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिनं एक डोळा गच्च मिटून बघितलं आणि म्हणाली, "हलंनात की गं ही."

"रंग देताना मरत्यात, आई."

"मग जित्ती दाव."

मी मातीच्या पाण्याचा थेंब लावून दिला. ती वाकून बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं तिला काही दिसतच नसावं.

"पळाय लागल्यात," ती हळूच म्हणाली. "ही समदी पाचोळ्यात?"

मी सांगितलं, की मातीत असतात, वर पाचोळा असला तर भरपूर आणि नसला तर थोडी.

"पोटाला मिळतंय तितं ऱ्हात्यात," ती म्हणाली. "आपून न्हाई का गाव सोडून निपाणीला आलो?"

आजोबांनी दुष्काळात बोरगावच्या बाजूचं गाव सोडलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी परत येताना तिनं ती सगळी गोष्ट पहिल्यांदा सांगितली. त्या वेळी तिचं लग्न होऊन काही महिनेच झाले होते. गाव सोडताना तिनं घरामागची मूठभर माती पदरात बांधून घेतली होती आणि वाटेत कुठंतरी गाठ सुटून ती सांडली.

काम संपल्यावर वस्तीवरच्या बायकांना काय सापडलं ते सांगायला आम्ही गेलो. त्यांनी माझं ऐकून पाचोळा नेणं सोडलं, असं काही झालं नाही. गोठे होते, शेतं होती. त्या वयस्कर बाईनं एवढंच कबूल केलं, की आता जमीन खरवडून झाडणार नाही, खालचा ओला थर तिथंच ठेवू. ते पुढं किती पाळलं गेलं, ते मला कळलं नाही.

एम.फिल. झालं तेव्हा आप्पांनी वखारीत पेढे वाटले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई एकदा बेळगावला आली आणि जंगलात कधी जायचं म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, आता तिथं माझं काही काम उरलं नाही.

"नसू दे," ती म्हणाली. "भाकरी बांधून घे."

मग आम्ही गेलो. जांभळं पिकली होती. ती खाऊन आमच्या जिभा निळ्या झाल्या, आणि शेवटची एस.टी. चुकेल म्हणून घाईनं परत निघालो.